घाई नको म्हणणारे आमचे व्याही

अमेरिकेतल्या परंपरावादाचं पुढे कसं होणार, ही चिंता साऱ्या जगात एकाच माणसाला मनापासून लागलेली होती, आणि तो माणूस अमेरिकेत नव्हे, कतारमध्ये दुखानला तेलकंपनीच्या वसाहतीत राहत होता. ते आमचे व्याही. माझ्या मुलीचे सासरे. मूळचे साताऱ्याकडचे, शिक्षणानं मेकॅनिकल इंजिनिअर, आणि अमेरिकेत कधीही मतदान करण्याची सुतराम शक्यता नसलेले. इथले बाकीचे लोक सकाळी उठून रुपयाचा भाव बघतात. हे गृहस्थ ओहायोमधल्या कुठल्याशा गावानं ग्रंथालयाचा कर वाढवला की काय ते बघायचे, आणि वाढवला असेल तर दिवसभर त्यांचं जेवणात लक्ष नसायचं.

हा रोग त्यांना लागला तो तरुणपणी. दुखानला नोकरीला आले तेव्हा त्यांचा पहिला साहेब टेक्ससचा होता. त्या साहेबानं त्यांना ड्रिलिंग शिकवलं, इंग्रजी शिकवलं, आणि थर्मासातली कडू कॉफी पाजत पाजत राजकारणही शिकवलं. माणसानं आपलं बिल आपण भरावं, सरकारनं फार लुडबुड करू नये, आणि वाडवडिलांनी बांधलेलं काही मोडायचं असेल तर आधी ते का बांधलं होतं हे विचारावं. साहेब पुढे मायदेशी गेला, वारला, पण व्याह्यांनी त्याचं मत घरच्या कुलदैवतासारखं सांभाळलं. आमच्या ह्यांना त्यांना डिवचायची भारी हौस. हे म्हणायचे, "अहो, घर कंपनीचं, वीज कंपनीची, पाणी कंपनीचं, दवाखाना कंपनीचा. आणि तुम्ही म्हणता सरकारनं हात आखडता घ्यावा!" त्यावर व्याही शांतपणे पोह्यांवर लिंबू पिळत म्हणायचे, "म्हणून तर निवांत डोक्यानं विचार करता येतो."

हे सगळं चालायचं शुक्रवारी सकाळी, दोह्यातल्या मदिनत खलीफा भागातल्या आमच्या घरी. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, वारल्या त्या वर्षापासून, म्हणजे सोयरीक जुळायच्याही आधीपासून, दर शुक्रवारी दुखानहून गाडी हाणत ते आमच्याकडे नाश्त्याला येत. हाणत म्हणजे आपली म्हणायची पद्धत. हायवेवर ते गाडी इतकी सावकाश चालवत की मागून येणारे पाण्याचे टँकरसुद्धा हॉर्न देत. नवा रुंद रस्ता होऊन जमाना झाला होता, पण व्याही आपले जुन्याच रस्त्यानं यायचे. का, तर त्या रस्त्यावर एक चहावाला होता, त्याची करक चहाची, म्हणजे इथल्या कडक दुधाळ चहाची, टपरी होती. टपरी कधीच उठली होती. ती जिथे होती तिथे व्याही गाडी थांबवायचे, खाली उतरायचे, पाय मोकळे करायचे आणि चहा न पिता पुढे निघायचे.

कतारमध्ये राहून बदलाला विरोध करायचा, म्हणजे वाळवंटात राहून वाळूवर रुसण्यातला प्रकार. इथे रात्री झोपताना जो रस्ता डावीकडे जातो तो सकाळी उजवीकडे जात असतो. फुटबॉलच्या स्पर्धेआधी तर अख्खा दोहा उकरून ठेवला होता. जुने राउंडअबाउट एकेक करून गेले आणि त्या जागी सिग्नल आले. व्याह्यांनी ही घटना मान्यच केली नाही. ते पत्ता सांगायचे तो गेलेल्या राउंडअबाउटांवरून. आमच्या घराचा त्यांचा पत्ता ठरलेला होता, "सुरईच्या राउंडअबाउटवरून डावीकडे." हा राउंडअबाउट तर बाकीच्यांच्या कितीतरी आधीच गेलेला; एका भल्यामोठ्या दगडी सुरईचं शिल्प तिथे म्हणे पूर्वी होतं. एकदा त्यांनी आमच्याकडे त्यांच्या ओळखीचा प्लंबर पाठवला. तो बिचारा तासभर सुरई शोधत फिरला आणि शेवटी एका मातीच्या भांड्यांच्या दुकानात जाऊन पोचला. तिथून फोन करून मला म्हणाला, "मॅडम, सुराही तो बहुत है, आपका घर किधर है?" मी व्याह्यांना म्हटलं, "अहो, सिग्नल सांगा ना सरळ." तर म्हणाले, "विहीणबाई, सिग्नल आज आहे, उद्या नसेल. सुरई एकदा गेली, आता ती कुठेही जात नाही." 

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात म्हणीइतकं रुळलं होतं, "बदलाला विरोध नाही, घाईला आहे." आमच्या घरातल्या कुठल्याही फेरफाराची चर्चा तीन शुक्रवार झाली पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. मी दिवाणखान्याचे पडदे बदलले तेव्हा ते दारातच थांबले आणि जुन्या पडद्यांची चूक काय होती असं विचारलं. त्यांच्या मुलानं आणि आमच्या अनघानं लग्नाचं ठरवलं तेव्हाही पहिला शुक्रवार त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या शुक्रवारी "लग्नाला विरोध नाही, घाईला आहे" म्हणाले, आणि तिसऱ्या शुक्रवारी होकार द्यायला आले तोवर पोरांनी पुण्यात कार्यालय ठरवून टाकलं होतं. पोह्यांच्या बाबतीत तर विचारूच नका. पोह्यात बटाटा. मटार नाही. मटार घालायचा प्रस्ताव मी कितीतरी वेळा मांडला आणि तो दरवेळी पुढे ढकलला गेला.

अनघा आणि जावई ओहायोत मक्याच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात स्थायिक झाले, तेव्हा व्याह्यांना कोण आनंद झाला! आपल्या दैवताच्या गाभाऱ्यात मुलानं घर घेतलं असं त्यांना वाटलं. एका उन्हाळ्यात ते महिनाभर तिकडे राहून आले. जाताना कोट शिवून घेतला. शेजारी एक म्हातारे शेतकरी राहतात, आमची नात त्यांना मकेवाले आजोबा म्हणते. व्याही पहिल्याच दिवशी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसले आणि टेक्ससच्या साहेबाकडून उचललेल्या इंग्रजीत बोलू लागले. मकेवाल्या आजोबांनी बराच वेळ ऐकलं, मग विचारलं, "तुम्ही टेक्ससच्या कुठल्या भागातले?" व्याह्यांनी छाती फुगवून सांगितलं, "सातारा." आजोबांनी मान डोलावली. तिकडे असेल एखादं सातारा, असं त्यांना वाटलं असावं.

दोघांची अशी गट्टी जमली की पोरं दोघांना जेवायला हाका मारून थकायची. मकेवाल्या आजोबांची तक्रार होती की गावातल्या टपालपेट्यांवरची नवी परकी नावं त्यांना आता वाचता येत नाहीत, चर्चची घंटा कुणी ओढत नाही, ती ध्वनिमुद्रित वाजते, आणि शेतांच्या जागी घरं उभी राहिली आहेत. व्याही म्हणाले, आमच्याकडेही सुरई गेली. मग दोघंही मन लावून मका खात. पण त्या ओसरीवर मकेवाल्या आजोबांचा नातूही यायचा. त्याच्या ट्रकला झेंडेच झेंडे, आणि आवाज असा की गुरं बुजावीत. तो म्हणायचा, सगळं सडलंय, सगळं पाडून टाकलं पाहिजे. व्याह्यांना वाटलं हा विरोधी पक्षाचा. तर तो त्यांच्याच पक्षाचा निघाला! तेव्हापासून व्याह्यांची झोप उडाली. परत आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मला म्हणाले, "विहीणबाई, ज्याला सगळं पाडायचंय, तो राखणारा कसा? अमेरिकेत आता खरे परंपरावादी दोनच उरलेत. एक तो मकेवाला आणि एक मी. त्यातला एक पंच्याऐंशीचा आणि दुसऱ्याला मताचा अधिकार नाही."

आणि अशात आमच्या अनघानं त्या गावातल्या शाळेच्या समितीची निवडणूक लढवायचं ठरवलं.

कारण साधं होतं. नातीची परीक्षा ऐन दिवाळीच्या दिवशी लागली. पोरगी नवा फ्रॉक कपाटात ठेवून शाळेत गेली आणि रडत परत आली. अनघा लहानपणापासून दोह्यात वाढलेली, शाळेतली मराठी मुलं इंग्रजीत उत्तर देत तेव्हा ही हट्टानं मराठीत बोलणारी. तिनं ठरवलं, समितीवर निवडून यायचं आणि दिवाळीची सुट्टी मिळवायची. गावात तिच्यासारखी नवी कुटुंबं बरीच होती, पण जुनी मंडळी जास्त, आणि त्यांचं म्हणणं एकच, शाळेचं कॅलेंडर आहे तसंच राहू द्या. शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर तिनं मोठ्या उत्साहानं हे सगळं सांगितलं. व्याह्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "आल्या आल्या कॅलेंडर बदला म्हणायचं, हे बरोबर नाही अनघा. मी तिथे असतो तर तुला मत दिलं नसतं."

 मग अनघा म्हणाली, "आल्या आल्या? बाबा, माझी मुलगी इथे जन्मली. आम्ही अजून किती वर्षं पाहुणे?" मागून नातीचा आवाज आला, "आजोबा, दॅट्स सो मीन." आणि फोन बंद झाला.

मला असा राग आला म्हणता! पोटच्या पोरीसारखी सून, आणि तिला तोंडावर सांगायचं, मत दिलं नसतं! व्याही असले म्हणून काय झालं? पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम पोह्यात मटार घातले. चांगले मूठभर. व्याही आले, बसले, ताटलीकडे पाहिलं आणि एक अक्षर न बोलता सगळे पोहे खाल्ले. मटारासकट. चर्चा नाही, विरोध नाही, की मटारांचा इतिहासही नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माणूस आतून पार मोडला आहे. माझा राग तिथेच निम्मा उतरला, पण तोंडानं मीही काही बोलले नाही. विहीण आहे मी शेवटी.

ती निवडणूक जवळ येत चालली होती आणि अनघाचे फोन फक्त मला येत होते. "आई, जुने लोक ऐकूनच घेत नाहीत गं. दारावर गेले की हसून लिंबूपाणी देतात आणि दिवाळी म्हटलं की चेहरा बंद." तिचा आवाज खचलेला होता. बाबांविषयी ती काही विचारत नव्हती, आणि व्याहीही तिच्याविषयी काही विचारत नव्हते. शुक्रवारी ते अमेरिकेविषयीसुद्धा बोलेनासे झाले. आमचे हे त्यांना डिवचून डिवचून दमले. शेवटी ह्यांनीच एकदा ग्रंथालयाच्या कराचा विषय काढला, तर व्याही म्हणाले, "वाढवू देत." ह्यांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं.

आणि मग एका मंगळवारी, दुपारी चारच्या सुमाराला, आमच्या दाराची बेल वाजली. दारात व्याही. अंगावर कंपनीचा कव्हरऑल, कपाळावर हेल्मेटचा वळ, बूट धुळीनं भरलेले. मंगळवारी! मला वाटलं काहीतरी भलतंच झालं. मी म्हटलं, "अहो, बरं आहे ना सगळं?" तर आत येत म्हणाले, "विहीणबाई, अनघाला फोन लावा. आत्ता. यल्ला!" घाई करायला लावणारा हा अरबी शब्द त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

"अहो, तिची ऑफिसला निघायची वेळ."

"म्हणून तर म्हणतोय, यल्ला!"

मी फोन लावून त्यांच्या हातात दिला. अनघा स्क्रीनवर आली. व्याही उभेच होते. म्हणाले, "हे बघ, मी त्या दिवशी बोललो ते माझं मत होतं. पण बोलायला नको होतं. माझं चुकलं. आता ऐक. मी काल मकेवाल्याला फोन केला होता."

"कशाला?"

"मला आठवत होतं, ओसरीवर तो एकदा म्हणाला होता, त्याच्या लहानपणी मक्याच्या कापणीला शाळेला आठवडाभर सुट्टी असायची. ऑक्टोबरच्या अखेरीला. पोरं शेतात जायची, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये गावजेवण व्हायचं. पुढे यंत्रं आली, सुट्टी बंद झाली. मी त्याला विचारलं, ती सुट्टी कुणी परत मागितली तर? म्हातारा फोनवर मग रडायलाच लागला गं." व्याह्यांनी कपाळावरची धूळ बाहीनं पुसली. "तू नवी सुट्टी मागू नकोस. त्यांची गेलेली सुट्टी परत माग. दिवाळी बहुतेक त्याच दिवसांत येते."

अनघा म्हणाली, "पण बाबा, ही फसवणूक नाही का? मनात दिवाळी आणि तोंडानं मका?"

"फसवणूक कसली? दोन्ही तोंडानं सांग. पीक घरात आल्याचा आनंद त्यांनाही, आपल्यालाही. आपल्याकडे भात, त्यांच्याकडे मका. त्यांना स्वच्छ सांग, त्या आठवड्यात मी दिवे लावीन, तुम्ही जेवायला या."

"आणि ज्या वर्षी दिवाळी त्या आठवड्यात येणार नाही?"

"त्या वर्षी बघू. घाई काय आहे?"

अनघा हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग तिनं घड्याळाकडे पाहिलं, काहीतरी हिशेब केला आणि तिचा चेहरा बदलला. "बाबा, तुमची ड्यूटी तीनला सुटते. आता तिकडे चार वाजलेत. तुम्ही नव्या रस्त्यानं आलात?"

व्याही बुटांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एकदाच. आजच्यापुरतं." आणि अनघाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा टाकला, कारण माझ्याही डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

पुढचं सांगताना मला अजून हसू आवरत नाही. गावाच्या सभेत अनघानं मक्याच्या सुट्टीची गोष्ट मांडली, दिवाळीचीही मांडली. झेंडेवाला नातू उठून ओरडायला लागला की ही बाहेरची मंडळी आमचं कॅलेंडर पळवणार. तेव्हा मकेवाले आजोबा काठी टेकत उभे राहिले आणि त्याला म्हणाले, "बस खाली. आपल्या गावची सुट्टी तुझा बाप विसरला, तू विसरलास, आणि या मुलीला ती आठवली." मग सभेतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांना एकेक करून आपापलं लहानपण आठवायला लागलं आणि सभा संपता संपेना. निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा इथे सकाळ होती. अनघा निवडून आली. फार मतांनी नाही, पण आली. व्याही आदल्या संध्याकाळपासून आमच्याकडेच मुक्कामाला होते. त्यांनी बातमी ऐकली, डोळे मिटून टेक्ससच्या साहेबाला की कुलदैवताला हात जोडले, आणि म्हणाले, "विहीणबाई, आता मला त्यांची काळजी नाही. अमेरिकेतलं जुनं ते आपल्या पोरी राखतील." मी पोहे पुढे केले. घाईत बटाटा घालायचा राहून गेला होता, नुसते मटार होते. त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, "मटार तसे वाईट नाहीत." मी म्हटलं, "मग ठरलं?" तर बोट वर करून म्हणाले, "अजून दोन शुक्रवार."

गेल्या वर्षी व्याही निवृत्त झाले. इथला मुक्काम खलास झाला आणि ते साताऱ्याकडे गेले. ऑक्टोबरच्या अखेरीला ओहायोला जातात, मकेवाल्या आजोबांबरोबर गावजेवणाच्या पंगतीत बसतात, दोघं मिळून सगळ्या जगाची काळजी करतात आणि मग दिवे लावायला अनघाच्या अंगणात येतात. फोटोत दोघंही फार आनंदी दिसतात. आमचा शुक्रवार मात्र फार मोठा झाला आहे. पोह्यांत मी पुन्हा बटाटा घालते. मटारांना विरोध करायला कुणी नसलं की त्यांत काही चव राहत नाही.

परवा घरी एक माणूस एसी दुरुस्तीला यायचा होता. कोल्हापूरकडचा पोरगा, नुकताच दोह्यात आलेला. फोनवर पत्ता विचारला, तर माझ्या तोंडून निघून गेलं, "सुरईच्या राउंडअबाउटवरून डावीकडे ये." तो म्हणाला, "काकी, मॅपवर असलं काय दिसंना." मी हसले आणि त्याला सिग्नल सांगितला. फोन ठेवल्यावर खिडकीशी गेले. खाली सिग्नल होता, गाड्या थांबत होत्या, जात होत्या. तिथे मी बराच वेळ बघत राहिले. आम्ही कतारला आलो त्याच्या आधीच ती सुरई पाडलेली होती. मी ती कधी पाहिलेलीच नाही.

पण तिथे सुरई होती. मला पक्कं ठाऊक आहे.